नौपाड्यातील वीर्यतपासणी केंद्र: तीन भेटींनंतरचा अभिप्राय

ठाणे स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून गोखले रस्त्याने चालत गेल्यास दहा मिनिटांत हे केंद्र लागते. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते आहे आणि बाहेरची पाटी लहान आहे. गेल्या सप्टेंबरपासून या जानेवारीपर्यंत मी तेथे तीन वेळा वीर्यतपासणीसाठी गेलो. पहिल्या भेटीत हातात दिलेल्या दोन पानी अर्जात नाव, वय, लग्नाला किती वर्षे झाली असे नेहमीचे रकाने होतेच; पण त्यांच्याखाली ठळक अक्षरांत एक प्रश्न छापलेला होता: ‘गेल्या तीन महिन्यांत १०१ अंशांच्या वर ताप आला होता काय? असल्यास तारीख लिहा.’ हा प्रश्न मला त्याआधी कोणीही विचारला नव्हता, आणि पुढचे चार महिने आमच्या घरात जे बदलले ते या एका ओळीमुळे बदलले, म्हणून हा अभिप्राय थोडा विस्ताराने लिहीत आहे.

आमच्या लग्नाला पाच वर्षे झाली. पहिली दोन वर्षे आम्ही थांबलो होतो. त्यानंतरच्या तीन वर्षांत माझ्या पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या दोनदा झाल्या, सोनोग्राफी किती वेळा झाली याची गणती नाही, आणि नळ्यांचा एक्स-रेही झाला, ज्याच्या वेदनेने ती दोन दिवस अंथरुणावर होती. त्या तीन वर्षांत माझी एकही तपासणी झाली नाही. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो आणि पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी त्रासाची असते, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मला ते कोणी सांगितले नाही, मी विचारलेही नाही, आणि त्याची खंत मला आहे.

अखेर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका प्रयोगशाळेत गेलो. तिचे नाव व ठिकाण येथे देत नाही. नमुना देण्यासाठी मला सार्वजनिक स्वच्छतागृहाची किल्ली देण्यात आली. बाहेर आल्यावर मी दिलेली डबी काउंटरवर, वातानुकूलन यंत्राच्या थेट झोताखाली, इतर नमुन्यांच्या रांगेत ठेवली गेली आणि मी तेथून निघालो तेव्हा पाऊण तास उलटून गेला तरी ती तेथेच होती. किती दिवसांच्या संयमानंतर नमुना दिला, हे कोणी विचारले नाही. मी सोळा दिवस थांबलो होतो, कारण जितके दिवस थांबावे तितका साठा वाढतो आणि तितका रिपोर्ट चांगला येतो, अशी माझी पक्की समजूत होती. रिपोर्टमध्ये मिलिलिटरमागे ५० लाख शुक्राणू आणि त्यांतील जेमतेम १५ टक्के हालचाल करणारे, असे आले. काउंटरवरच्या माणसाने कागद देताना एका धातुपौष्टिक चूर्णाचे नाव आपणहून सांगितले. त्या संध्याकाळी घोडबंदर रस्त्याच्या बसमध्ये बसून मी पत्नीला काय सांगायचे याची जुळवाजुळव करत होतो, आणि मला एकही वाक्य सापडत नव्हते.

नौपाड्यातील केंद्राची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, आणि ती दूरध्वनीपासूनच सुरू होते. वेळ ठरवताना पलीकडच्या बाईंनी शेवटच्या वीर्यस्खलनाला किती दिवस झाले हे अतिशय सरळपणे विचारले आणि किमान दोन, जास्तीत जास्त सात दिवसांचे अंतर ठेवून या, असे सांगितले. मी माझे सोळा दिवस सांगितले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले: “साठा वाढतो, पण साठ्यातले म्हातारेही वाढतात.”

या वाक्याचा पूर्ण अर्थ मला प्रत्यक्ष भेटीत कळला. केंद्र चालवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या आहेत. तपासणीच्या आधी प्रत्येक जोडप्याला त्या वीस मिनिटे देतात आणि त्या वीस मिनिटांचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्यांच्या टेबलावर वृषणाचे कापून दाखवलेले प्लास्टिकचे मोठे प्रारूप आहे. त्यातील वृषणाच्या पाठीवर स्वल्पविरामासारखी चिकटलेली एक पट्टी बोटाने दाखवत त्यांनी सांगितले की हे अधिवृषण. ही दिसायला एवढीशी असली तरी ती एकच अतिशय बारीक नळी गुंडाळून झालेली आहे आणि उलगडली तर ती सुमारे सहा मीटर भरते. वृषणातून निघालेले शुक्राणू या नळीच्या डोक्याकडून शिरतात तेव्हा त्यांना पोहता येत नाही. नळीतून सरकत जाण्याच्या प्रवासाला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. या प्रवासात त्यांच्या पृष्ठभागावर नवी प्रथिने चढतात, पोहण्याची क्षमता त्यांच्यात तयार होते, आणि नळीच्या शेपटीकडच्या भागात ते एकमेकांना खेटून, जवळजवळ निश्चल, वाट पाहत राहतात. पुरुषाच्या शरीरातील शुक्राणूंचे खरे कोठार म्हणजे ही शेपटी.

येथे मी मॅडमना एक प्रश्न विचारला, जो बहुतेक मराठी वाचकाला पडेल. शाळेच्या पुस्तकात आपण ‘शुक्राशय’ हा शब्द शिकलो आहोत. जलाशयात पाणी, तसे शुक्राशयात शुक्राणू, असे मन आपोआप समजून घेते. मॅडम म्हणाल्या की या एका शब्दाने जितका घोटाळा केला तितका दुसऱ्या कशाने केला नसेल. शुक्राशय ही मूत्राशयामागची ग्रंथींची जोडी आहे; ती शुक्राणू साठवत नाही, ती द्रव तयार करते. स्खलनात बाहेर येणाऱ्या वीर्यापैकी साधारण दोन तृतीयांश द्रव याच ग्रंथींचा असतो आणि त्यातील फ्रुक्टोज ही साखर शुक्राणूंना पोहण्यासाठी ऊर्जा पुरवते. पाव हिस्सा किंवा त्याच्या आसपास द्रव प्रोस्टेट ग्रंथीकडून येतो. आणि वृषण व अधिवृषणाकडून आलेला, ज्यात शुक्राणू असतात तो भाग, पुरता पाच टक्केही नसतो. वीर्य दाट आहे की पातळ, जास्त आहे की कमी, यावरून आतल्या शुक्राणूंचा अंदाज बांधणे म्हणजे पिशवीच्या जाडीवरून आतल्या तांदळाची जात ओळखणे होय.

आता सोळा दिवसांबद्दल. माणसाच्या शरीरातील हे कोठार फार मोठे नाही. इकडे वृषण दर सेकंदाला सुमारे हजार शुक्राणू तयार करत असते, म्हणजे दिवसाला आठ-दहा कोटी किंवा त्याहूनही अधिक, आणि हे काम रात्री, झोपेत, प्रवासात, कधीच थांबत नाही. कोठाराला मर्यादा आणि आवक अखंड, तर जुना माल कोठेतरी गेलाच पाहिजे. काही शुक्राणू झोपेतील स्खलनात जातात, काही थोडेथोडे मूत्रावाटे निघून जातात, आणि बाकीचे जागच्या जागी म्हातारे होऊन मरतात, त्यांचे तुकडे होतात, व अधिवृषणाच्या अस्तराकडील पेशी आणि शरीरातील भक्षक पेशी ते तुकडे गिळून त्यांतील प्रथिने, मेद वगैरे पुन्हा शरीराच्या व्यवहारात आणतात. म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या संयमानंतर दिलेल्या नमुन्यात एकूण आकडा थोडा वाढलेला असू शकतो, पण त्यांत मेलेल्यांचे आणि मंदावलेल्यांचे प्रमाणही वाढलेले असते. उलट रोज किंवा दिवसाआड स्खलन झाले तर संख्या काही दिवस उतरते आणि पुन्हा भरून येते; कोठार कायमचे रिकामे होत नाही.

हे ऐकून माझ्या पत्नीने विचारले की मग संयमाने शक्ती साठते, एक थेंब वीर्य म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे जे लोक म्हणतात ते काय? हा प्रश्न तिने विचारला याचे मला बरे वाटले, कारण तो माझ्याही मनात होता आणि मी तो विचारला नसता. ज्यांनी ठाण्याहून रोज लोकलने प्रवास केला आहे त्यांनी रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोग, शीघ्रपतन, धात जाणे यांच्या जाहिराती लहानपणापासून वाचल्या आहेत. मॅडमनी त्या समजुतीची टिंगल केली नाही. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र असा सात धातूंचा क्रम सांगितला आहे, त्या क्रमात शुक्र शेवटचा असल्यामुळे तो सर्वांचे सार मानला गेला, आणि मग ते सार गेले की माणूस खचतो ही भीती घराघरांत पोहोचली, असे त्यांनी सांगितले. वीर्य जाण्याच्या भीतीने थकवा, छातीत धडधड, उदासपणा येणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले, आणि तो थकवा खरा असतो, फक्त त्याचे कारण वीर्य नसून भीती असते. एका वेळचे वीर्य काही मिलिलिटर, बहुतांश पाणी. त्यातून जाणारी प्रथिने आणि साखर एका साध्या जेवणात कितीतरी पटींनी परत मिळतात. शरीर जे न वापरलेले शुक्राणू मोडून परत घेते त्यातूनही बळ वाढत नाही, कारण मुळात ती मात्राच नगण्य आहे.

माझ्या दाजींची आठवण मला याच वेळी झाली. त्यांनी बारा वर्षांपूर्वी नसबंदी करून घेतली आणि तेव्हापासून कंबर दुखली की ‘आत साचून राहते त्याचे हे’ असे ते म्हणतात. मी मॅडमना त्यांच्याबद्दल विचारले. नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी कापून बांधतात. वृषणाचे काम चालू राहते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक रक्तात पूर्वीसारखे मिसळत राहते, आणि वाट बंद झालेले शुक्राणू अधिवृषणात वर सांगितल्याप्रमाणेच मोडले जाऊन शोषले जातात. फरक इतकाच की पूर्वी जे काही अंशी होत होते ते आता पूर्णपणे होते. बऱ्याच पुरुषांच्या रक्तात त्यानंतर शुक्राणूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, कारण शरीराच्या संरक्षक पेशींना शुक्राणू परके वाटतात. त्याचा प्रकृतीवर परिणाम होत नाही. वीर्याचे प्रमाणही डोळ्यांना कमी दिसत नाही, कारण त्यातील शुक्राणूंचा वाटा मुळातच अल्प. मात्र कापलेल्या जागेच्या पुढे आधीच जाऊन बसलेले शुक्राणू काही आठवडे निघत राहतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून ते शून्य झाल्याची खात्री करेपर्यंत निरोध वापरावाच लागतो. दाजींना मी हे दिवाळीत सांगितले. कंबरेसाठी ते आता हाडांच्या डॉक्टरांकडे जात आहेत.

प्रत्यक्ष नमुना देण्याची सोय या केंद्रात चांगली आहे, एवढे म्हणून पुढे जाता येईल. स्वतंत्र खोली, आतून कडी, हात धुण्याची जागा, खिडकीला पडदा. डबीवर नाव व वेळ लिहिलेली पट्टी मी स्वतः चिकटवायची आणि डबी भिंतीतल्या लहान दारातून पलीकडे द्यायची. कोणी नावाने हाक मारत नाही. घरून नमुना आणायचा झाल्यास तो खिशात, अंगाच्या उबेत ठेवून एका तासाच्या आत पोहोचवावा, बर्फात किंवा पिशवीत उघड्यावर ठेवू नये, अशी सूचना अर्जामागे मराठीत छापलेली आहे. लहान दारापलीकडे ३७ अंश सेल्सिअसवर ठेवलेला उबवण्याचा डबा असतो. ताजे वीर्य आधी जेलीसारखे घट्ट असते, पंधरा ते तीस मिनिटांत ते पातळ होते, आणि त्यानंतरच थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतात. पहिल्या प्रयोगशाळेत त्या थंड झोताखाली माझ्या नमुन्यातील शुक्राणूंची हालचाल कशी मंदावली असेल, हे मला येथे तो उबदार डबा पाहिल्यावर समजले.

मग मॅडमनी आम्हा दोघांना पडद्यावर नमुना दाखवला. १६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावात लेव्हेनहूक यांनी आपल्या भिंगातून जे पहिल्यांदा पाहिले ते आम्ही नौपाड्यात पाहत होतो. फिकट करड्या उजेडात बारीक ठिपके होते. त्यांतले काही एकाच जागी थरथरत होते, काही गोल फिरत होते, बरेचसे नुसते पडून होते, आणि मधूनच एखादा शेपूट हलवत सरळ रेषेत चौकटीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे निघून जात होता. पत्नीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “अहो, आहेत की.” त्या कागदावरच्या ५० लाखांनी आम्हाला जे सांगितले नव्हते ते या चार-पाच ठिपक्यांनी सांगितले.

त्या दिवशीचा रिपोर्ट मिलिलिटरमागे ९० लाख, हालचाल ३४ टक्के असा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतील पुस्तिकेत दिलेल्या खालच्या मर्यादा मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एकूण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, आणि हालचाल करणारे ४२ टक्के अशा आहेत. म्हणजे माझे आकडे कमीच होते. या मर्यादांचा अर्थ मॅडमनी जसा समजावला तसा कोठेच समजावलेला मी पाहिला नाही. ज्या पुरुषांच्या पत्नींना बारा महिन्यांच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि त्यांतील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची रेषा जेथे पडली ती ही मर्यादा. म्हणजे या रेषेखालीही बाप झालेले पुरुष आहेत, आणि रेषेच्या वर असूनही अडचण असलेले आहेत. सामान्य आकाराच्या शुक्राणूंची मर्यादा तर फक्त ४ टक्के आहे, म्हणून ‘९५ टक्के सदोष’ असे वाचून कोणी खचून जाऊ नये.

यानंतर त्यांनी माझा अर्ज पुन्हा हातात घेतला. तापाच्या रकान्यात मी ‘जुलैचा शेवटचा आठवडा, डेंग्यू, पाच दिवस, १०३ पर्यंत’ असे लिहिले होते. त्यांनी टेबलावरील दिनदर्शिका उलटी पालटत जुलैवर आणली आणि तेथून बोटाने मोजत सप्टेंबरपर्यंत आल्या. त्यांचे पुढचे बोलणे मी शक्य तितके जसेच्या तसे मांडतो, कारण या केंद्राची खरी सेवा त्यात आहे.

वृषणाच्या आत बारीक नलिकांची भेंडोळी असतात. एका वृषणातील सगळ्या नलिका सरळ करून जोडल्या तर बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीला पोहोचतील. नलिकेच्या भिंतीच्या तळाशी मूळ पेशी असतात. एक पेशी विभागते तेव्हा एक भाग मूळ पेशी म्हणून जागेवर राहतो आणि दुसरा पुढच्या वाटेला लागतो. म्हणून पुरुषाचे बियाणे वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत संपत नाही, तर स्त्रीची बीजे जन्माआधीच घडलेली असतात. पुढच्या वाटेला लागलेली पेशी आणखी विभागते, तिची ४६ गुणसूत्रे अर्धी होऊन २३ राहतात, एकीच्या चार पेशी होतात, आणि मग प्रत्येक गोल पेशी स्वतःला घडवत जाते: गाभा आवळून डोके होते, डोक्यावर बीजांडात शिरण्यासाठीच्या विकरांची टोपी बसते, मागे शेपूट फुटते, आणि नको असलेला पेशीद्रव गाठोड्यासारखा बाजूला टाकला जातो. हे गाठोडे शेजारच्या सेर्टोली पेशी गिळून टाकतात. १८६५ मध्ये इटलीच्या एन्रिको सेर्टोली यांनी वर्णन केलेल्या या पेशी वाढत्या शुक्राणूंना आधार देतात, खाऊ घालतात, रक्तातील संरक्षक पेशींपासून आडोसा देतात, आणि घडताना मध्येच बिघडलेल्या पेशीही त्याच संपवतात. वाटेला लागलेल्या पेशींपैकी फार मोठा भाग शेवटापर्यंत पोहोचत नाही. मोडून परत वापरण्याचे काम कोठारात सुरू होते असे नव्हे, ते कारखान्यातच सुरू झालेले असते.

मूळ पेशीपासून तयार शुक्राणूपर्यंत सुमारे ६४ दिवस लागतात. त्यात अधिवृषणातील प्रवास मिळवला तर सव्वादोन ते अडीच महिने असा हिशोब होतो. हे सगळे काम शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमानात व्हावे लागते. म्हणून वृषण शरीराबाहेर पिशवीत असते आणि त्याकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचे जाळे असते, जे खाली येणाऱ्या गरम रक्तातील उष्णता वाटेतच काढून घेते. डेंग्यूच्या पाच दिवसांत माझ्या शरीरात ही व्यवस्था कोलमडली होती. तेव्हा जे शुक्राणू अर्धवट घडत होते त्यांतील बरेच मेले, आणि त्यांची रिकामी जागा सप्टेंबरमध्ये नमुन्यात दिसली. मॅडम म्हणाल्या, “तुमचा आजचा रिपोर्ट सप्टेंबरचा दिसतो, पण तो जुलैचा आहे. डिसेंबरमध्ये या. तोपर्यंत मी कसलेही औषध सुचवणार नाही.”

मी रबाळे औद्योगिक वसाहतीत उष्णतोपचाराच्या विभागात काम करतो आणि दिवसाचे चार-पाच तास भट्टीसमोर जातात. अर्जात व्यवसायाचा रकाना होता म्हणून तेही समोर आले. भट्टी, बेकरी अशा सतत उष्णतेच्या कामांचा शुक्राणूंच्या संख्येशी संबंध दिसून आलेला आहे, तेव्हा साहेबांशी बोलून पाहा, असे त्यांनी सुचवले. मी बोललो, आणि ऑक्टोबरपासून मला तपासणी-मापनाच्या टेबलावर घेतले. त्याच अर्जात व्यायामशाळेतील इंजेक्शनांबद्दलही एक प्रश्न आहे. मला तो लागू नव्हता, पण मॅडमनी सांगितलेले येथे नोंदवतो, कारण आमच्या भागात गल्लोगल्ली व्यायामशाळा आहेत: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीला वाटते आता पुरेसे आहे, ती वृषणाला जाणारे दोन संकेत बंद करते, दंड भरतात आणि शुक्राणू काही महिन्यांत शून्यावरही येऊ शकतात. इंजेक्शने थांबवल्यावर ते परत यायला अनेक महिने लागतात. मूल होण्यासाठी ‘ताकदीचे’ म्हणून हीच इंजेक्शने घेतलेली मुले त्यांच्याकडे येतात, हे सांगताना मॅडमचा आवाज बदलला होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी चार दिवसांच्या अंतराने नमुना दिला. मिलिलिटरमागे २ कोटी ८० लाख, हालचाल ४८ टक्के. जानेवारीत खात्रीसाठी पुन्हा दिला: २ कोटी ४० लाख आणि ५१ टक्के. एकाच पुरुषाच्या दोन नमुन्यांत असा चढउतार नेहमीचा असतो, म्हणून एका कागदावरून निर्णय घेऊ नये, असा या केंद्राचा नियम आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीला ते निम्मे शुल्क घेतात. पहिल्या वेळी मी ८०० रुपये दिले होते. यात भट्टीपासून दूर झाल्याचा वाटा किती आणि ताप मागे पडल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. मॅडमनी तसा दावाही केला नाही.

उणिवा आहेत आणि त्या केंद्राने दूर कराव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. इमारतीला उद्वाहन नाही. सासू-सासऱ्यांना घेऊन येणाऱ्यांचे, किंवा पायाला दुखापत असलेल्यांचे हाल होतात. नमुने फक्त सकाळी आठ ते अकरा या वेळेत घेतले जातात, त्यामुळे पहिल्या पाळीत काम करणाऱ्याला रजाच टाकावी लागते. मला तीन रजा पडल्या. अर्ज व सूचना मराठीत असूनही अंतिम रिपोर्ट मात्र संपूर्ण इंग्रजीत येतो. ज्या बाई दूरध्वनीवर इतके स्वच्छ मराठी बोलतात त्यांच्या केंद्राला रिपोर्टच्या मागच्या बाजूस दहा ओळींचा मराठी खुलासा छापणे जड जाऊ नये. अनेक पुरुष तो कागद घरी नेऊन एकटेच वाचतात आणि ‘अॅबनॉर्मल’ एवढा एकच शब्द त्यांना कळतो. मॅडम रजेवर असतील त्या दिवशी समजावून सांगणारे दुसरे कोणी नसते, हीसुद्धा मोठी अडचण आहे. जाण्यापूर्वी त्या आहेत का हे विचारून घ्यावे.

जोडप्याने एकत्र जावे. बाहेरच्या खोलीत बसलेल्या पुरुषांपैकी बहुतेक एकटे येतात आणि भ्रमणध्वनीत डोके खुपसून बसतात. आत मात्र दोन खुर्च्या शेजारी मांडलेल्या असतात. जानेवारीच्या भेटीत आमच्या आधी एक विशीतला मुलगा आईबरोबर आला होता, लग्न ठरण्यापूर्वी ‘सगळे ठीक आहे ना’ एवढे पाहायला. अर्ज भरताना त्याने तापाच्या रकान्यापाशी येऊन आईला विचारले, आणि तिने क्षणभर आठवून सांगितले, “गणपतीत आला होता की तुला, चार दिवस.” गणपती होऊन चार महिने उलटले होते. काउंटरवरच्या बाईंनी तरीही त्याला तारीख लिहायला सांगितली.